रोशा, संत्रं आणि वाळा

मैत्रिणींनो, ग्लिसरीन साबण करणाऱ्या बहुतेकींची तक्रार एकच असते: "तेल चांगलं सढळ हातानं घातलं होतं, तरी महिनाभरात वास गेला!" मग पुढच्या वेळी आणखी तेल ओतलं जातं. तसं करू नका. संत्र्याचं किंवा लिंबाचं तेल हलकं असतं, कितीही घातलं तरी ते उडून जाणारच. जास्त घातलेलं तेल अंगाला मात्र झोंबतं. त्याला धरून ठेवणारं जड तेल जोडीला हवं. ते म्हणजे आपला वाळा. माठात टाकतो तोच, त्याच्या मुळांचं तेल.

या दोघांच्या मधे मी रोशा गवताचं तेल घेते. बाजारात ते पामारोझा नावानं मिळतं. हे तेल आपल्या खानदेशातलं. एकोणिसाव्या शतकात तिथे भट्ट्या लावून ते काढायचे, मुंबईहून जहाजानं पश्चिमेकडे जायचं आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं! कारण गुलाबात असणारं जिरॅनिऑल हे सुवासिक द्रव्य रोशात भरपूर असतं. गुलाबाचं खरं तेल आपल्याला परवडणार नाही, रोशा परवडतो. भेसळीचा माल म्हणून त्याला कमी लेखू नका, त्याचा हिरवा, गुलाबी वास मला स्वतंत्रपणे आवडतो.

एक किलो सोप बेसला (म्हणजे वितळवून साच्यात ओतायच्या तयार ग्लिसरीन साबणाला) पाच ग्रॅम रोशा, तीन ग्रॅम संत्रं, दोन ग्रॅम वाळा. एकूण दहा ग्रॅम, म्हणजे एक टक्का. थेंब मोजू नका. वाळ्याचं तेल मधासारखं दाट असतं, त्याचा थेंब आणि संत्र्याचा थेंब एका वजनाचे नसतात. छोटा डिजिटल काटा घ्याच. आणि लवंगेचं तेल घालायची हौस असेल तर अगदी नावापुरतं घाला, त्यातलं युजेनॉल नाजूक कातडीला सोसत नाही.

तिन्ही तेलं आधी काचेच्या बाटलीत एकत्र करून दोन दिवस ठेवा. कागदाच्या पट्टीवर थोडं लावून लगेच हुंगा, मग संध्याकाळी पुन्हा हुंगा. संध्याकाळी जे उरतं, साधारण तोच वास तुमच्या साबणात राहणार.

बेस वितळवताना उकळू द्यायचा नाही. पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून हळूहळू वितळवा, खाली उतरवा, साठ अंशांच्या खाली येऊ द्या आणि मगच तेल घाला. गरम बेसमध्ये घातलं की निम्मा सुवास स्वयंपाकघरातच दरवळतो! चमच्यानं सावकाश ढवळा, फेस नको. वाळ्यामुळे पारदर्शक वडीला किंचित पिवळसर झाक येते. ती येऊ द्या, रंग घालून झाकू नका.

साच्यातून काढल्याबरोबर वड्या प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळा. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात उघड्या वडीवर घामासारखे थेंब येतात.