अर्ध्या फुलाचं झुडूप

हे फूल नीट पाहा. पाचही पाकळ्या एकाच अंगाला, पंख्यासारख्या उलगडलेल्या. दुसरं अंग मोकळं. पांढऱ्या पाकळ्यांवर फिकट जांभळ्या रेघा. पान जाडसर, तुकतुकीत, आणि देठाच्या बगलेत पांढरी लव. झुडपाचं शास्त्रीय नाव स्किव्होला टक्काडा. गोव्यात कळंगुट, कांदोळीच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या सपाट होत गेल्या, तशी मर्यादवेल, रावणाच्या मिशा हे गवत आणि अशा झुडपांची जागाही आकसली.

परसात हे झुडूप उत्तम वाढतं. मात्र टेकडीवरचं रोप उपटून आणू नका. त्याच्या मुळांनी धरलेली वाळू सुटते, आणि एका बागेसाठी किनारा उघडा पडतो. गळालेलं फळ घ्या, किंवा कुणाच्या बागेतली फांदी मागा.

फळ पांढरं, गरदार. आतल्या बीला बुचाचा थर असतो. त्यामुळे ती महिनोन्महिने समुद्रावर तरंगते आणि तरीही जिवंत राहते. खाऱ्या पाण्यात मात्र ती रुजत नाही. लाटेनं वाळूत टाकलं, वरून पाऊस पडला, की मग कोंब! घरीही तेच करायचं: गर धुऊन काढायचा, बी गोड्या पाण्यात भिजवायची, भुसभुशीत मातीत पेरायची. उगवायला वेळ लागतो. कुंडी लवकर रिकामी करू नका.

फांदीचं काम सोपं. वीतभर जून फांदी, खालची पानं काढून लावायची. जमिनीलगतची फांदी मातीत दाबून ठेवली तरी तिला मुळं फुटतात.

खरा धोका पाणी साचण्याचा. आपला पावसाळा धो-धो, म्हणून पागोळ्यांखालची जागा नको. खड्ड्यात चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) बारीक तुकडे आणि नारळाच्या सोडणांचे तुकडे घाला. किनाऱ्यावरची वाळू मात्र आणू नका. ऊन भरपूर हवं. शेणखत मूठभर पुरे. खारा वारा याला सोसतो, म्हणून समुद्राकडच्या कुंपणाला हेच लावा. माणसाहून उंच होतं, छाटलं तरी जोमानं फुटतं.

इथलं म्हणून ते कुठेही लावावं असं नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हेच झुडूप परकं आहे, आणि तिथल्या स्थानिक वनस्पतींना हटवतं. गोव्याचा किनारा मात्र त्याचं घर आहे. छाटलेल्या फांद्या फेकू नका. पिशव्यांत रुजवा आणि किनाऱ्याजवळच्या शेजाऱ्यांना द्या. ही रोपं वाळूच्या टेकडीवर लावायची असतील, तर आधी वनखात्याला विचारा.