शेवळं, सुकडी आणि चालू रेकॉर्डर

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'खाद्यपरंपरांचं जतन', पण मी डायरेक्ट शेवळांवरच येते, म्हणजे पावसाळ्यात मिळणाऱ्या रानभाजीवर. जूनमध्ये पाऊस लागला की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात ठाकर, कातकरी, वारली बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, थोडे दिवस मिळतात आणि मग सीझन संपला. ज्यांनी खाल्लीयेत त्यांना माहितीये, नीट साफ नाही केली तर घसा असा खाजतो की विचारू नका. वरचं साल काढायचं, आतला पिवळा भाग काढून फेकायचा, आणि काकडं घालायची, म्हणजे ती छोटी आंबट हिरवी फळं, बहुतेक वेळा तीच बाई शेजारी वाटा लावून विकत असते. काकडं नसतील तर चिंच. यूट्यूबवर हे सगळं आहे, ढिगाने आहे. पण काकडं किती घालायची असं त्या बाईला विचारा, ती म्हणणार "शेवळं बघून". आता बघून म्हणजे काय बघून? तिथंच थांबायचं आणि तिला करून दाखवायला सांगायचं, कारण ते लिहून ठेवलेलं कुठेच नसतं.

म्हणून असं काही रेकॉर्ड करायचं तर आजीला खुर्चीत बसवून, कॉलरला माइक लावून मुलाखत घेऊ नका. खुर्चीत बसली की ती टीव्हीवरच्यासारखं बोलायला लागते, "आमच्या वेळी सगळं सात्त्विक होतं" वगैरे. हातात काम असलं की खरं बोलते. कुकरच्या शिट्ट्या येऊ द्यात रेकॉर्डिंगमध्ये, काही बिघडत नाही, फक्त मिक्सर तेवढा बंद ठेवा.

आणि जेवणाचं विचारताना उपाशी राहिल्याचंही विचारा. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे सत्तरी ओलांडलेल्या कुणाहीपाशी १९७२ चा दुष्काळ काढा, अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणि दुष्काळी कामावर खायला मिळणारी कोरडी पौष्टिक सुकडी, दोन्ही निघणारच. कुणाला ती सुकडी आवडायची, कुणाला आज नाव काढलं तरी नको वाटतं. पण फूड फेस्टिव्हलला जा, स्टॉलवर सुकडी दिसते का? मांसाच्या वाळवलेल्या चान्या दिसतात का? 'पारंपरिक' म्हटलं की पुरणपोळी, मोदक, अळूवडी, झालं! आपण ठराविक घरांचंच ताट मांडतो आणि त्याला अख्ख्या महाराष्ट्राचं म्हणतो, हे मला अजिबात पटत नाही. अर्थात, कुणाला सांगायचं नसेल तर रेकॉर्डर बंद करायचा, खोदून खोदून विचारायचं नाही.

हे काम नवीन नाहीये बरं का. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी गावोगाव सहकारी घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर! पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, पण बायकांच्या तोंडात ओव्या होत्या. आज 'परी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या वेबसाइटवर त्या ऐकता येतात, आणि गाणारीचं नाव, गाव सोबत असतं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आपल्याकडे प्रदर्शनात पदार्थाला चिठ्ठी असते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ असतं आणि करणारी बाई मागे गॅसपाशी.

पुण्यात केळकर संग्रहालयात जाऊन या, जुनी भांडी, अडकित्ते, बघत राहावं असं आहे सगळं, पण काचेपलीकडची वस्तू कशी वापरायची ते सांगायला तिथे कोण बसणार? गावातल्या प्रदर्शनात ते जमतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघा, घरातच गावरान बियाण्यांची बँक, आणि शाळेची पायरीही न चढलेली ही बाई एकेका वाणाची माहिती स्वतः तोंडाने सांगते. २०२० च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. आपल्याला एवढं मोठं करायचं नाहीये. शाळेचा हॉल, चार टेबलं, घराघरातून मागून आणलेली भांडी, प्रत्येकाशेजारी एक बाई किंवा बाप्या सांगायला, आणि फोनवर त्यांचंच रेकॉर्डिंग. पाककला स्पर्धा मात्र ठेवू नका, नंबर काढले की भांडणं होतात. रेकॉर्डिंगची कॉपी त्या घरी आधी द्या, मग बाकी कुठे टाकायचं ते त्यांना विचारून.

पुढच्या महिन्यात गच्चीवर कुरडया सुरू होतील, तिथून सुरुवात करा, चार घरच्या बाया एकत्र असतात आणि चीक शिजेपर्यंत गप्पा थांबत नाहीत. फोन चार्ज करून जा. पण चीक घाटायला हात लावावा लागेल, नुसतं शूटिंग करत उभं राहिलात तर हाकलून देतील.