एकाच नदीच्या दोन वाइन

नमस्कार. माझी भाची म्युनिकला असते. गेल्या हिवाळ्यात तिने दुकानात उभं राहूनच दोन बाटल्यांचा फोटो पाठवला आणि विचारलं, ‘मावशी, यातली कुठली आणू?’ दोन्ही इटलीच्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही ड्राय, म्हणजे रसातली साखर जवळजवळ सगळी आंबून गेलेली. द्राक्षाचा वाणही एकच, वेर्दिक्क्यो. फक्त एकीवर गावाचं नाव येझी आणि दुसरीवर मातेलिका. मी म्हटलं, दोन्ही आण. आज टेबलावर आहेत त्या त्याच.

हापूस एकच, पण देवगडचा की रत्नागिरीचा, यावर आपल्याकडे घराघरांत वाद होतात. तो वाद पोकळ नसतो. जमीन आणि वारा बदलला की फळ बदलतं. वेर्दिक्क्योचंही तसंच आहे, आणि त्याचं कारण नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून मला हा विषय इतका आवडतो.

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मार्के नावाचा प्रांत आहे. समोर एड्रियाटिक समुद्र, पाठीशी अपेनाइन डोंगर. या डोंगरांतून निघालेल्या तिथल्या बहुतेक नद्या माशाच्या काट्यांसारख्या एकमेकींना समांतर, पूर्वेला समुद्राकडे जातात. एझिनो नदी सुरुवातीला तसं करत नाही. मातेलिकाजवळ ती उत्तरेकडे वाहते, किनाऱ्याच्या दिशेला वळतच नाही. फाब्रियानोच्या बाजूने पुढे गेल्यावर (चित्रकार मंडळींना या गावाचा कागद ठाऊक असेल) ती पूर्वेला वळते, एका अरुंद घळीतून डोंगर पार करते आणि मग येझीच्या टेकड्यांखालून समुद्राला मिळते. नदी एकच आहे. वरच्या अंगाला मातेलिका, खालच्या अंगाला येझी.

आता मातेलिकाच्या खोऱ्यात उभं राहून पूर्वेकडे पाहिलं, तर समुद्र दिसत नाही. मध्ये १४७९ मीटर उंचीचा सान विचिनो डोंगर आणि त्याची रांग आहे. समुद्राचा वारा तिथवर पोचत नाही. द्राक्षबागा बऱ्याच उंचीवर, साधारण चारशे मीटरच्या आसपास. दिवसा ऊन कडक आणि रात्री थंडी. निफाडच्या बागायतदाराला जानेवारीतली रात्र कशी असते हे सांगावं लागत नाही. मातेलिकात सप्टेंबरपासूनच दिवस-रात्रीत मोठी तफावत पडायला लागते, नेमकी द्राक्षं पिकत असताना. द्राक्षात सफरचंदातलं मॅलिक आम्ल असतं. उबदार रात्रीत घड ते आम्ल वापरून टाकतो, थंड रात्रीत ते शिल्लक राहतं. म्हणून मातेलिकात साखर भरपूर भरली तरी आंबटपणा ताठ राहतो. तोडणीही येझीपेक्षा उशिरा, पुष्कळदा ऑक्टोबरात होते.

येझीकडे खोरं समुद्राला मोकळं आहे. रात्री फार गारठत नाहीत आणि दिवसही फार तापत नाहीत. तिथली वाइन जास्त गोलसर लागते. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पिवळी फुलं आणि शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला किंचित कडू चव. मूठभर बदाम खाताना एखादा कडू निघतो ना, त्याची आठवण करून देणारी. ही कडसर छटा वेर्दिक्क्योची ओळख आहे, दोन्ही गावांत सापडते. तिला दोष समजून ग्लास बाजूला ठेवू नका, दुसरा घोट घ्या.

येझीची बाटली आज सर्वांना माहीत असण्याचं एक कारण काचेचं आहे. १९५३ मध्ये फात्सी बात्तालिया या कंपनीने आंतोनिओ मायोक्की या वास्तुविशारदाकडून प्राचीन सुरईच्या आकाराची हिरवी बाटली करून घेतली. जगभर ती ओळखली गेली. पण त्या बाटलीबरोबर एक समजही पसरला, की वेर्दिक्क्यो म्हणजे समुद्रकिनारी सुट्टीत मासळीबरोबर प्यायची हलकी, स्वस्त वाइन. त्या समजाने या वाणावर अन्याय केला, असं मी स्पष्ट म्हणेन. फार थोडी इटालियन पांढरी द्राक्षं वयाबरोबर इतकी सुंदर होतात. अंपेलिओ बुच्ची यांनी घडवलेली येझीची ‘विल्ला बुच्ची’ किंवा मातेलिकातल्या ला मोनाचेस्का या उत्पादकाची ‘मिरुम’ दहा वर्षांनी उघडली, तर मध, बडीशेप आणि गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखा वास येतो, आणि आंबटपणा तरीही जागच्या जागी असतो.

म्हणून लेबलावर गावाचं नाव पाहण्याआधी आणखी एक शब्द शोधा, ‘रिझेर्वा’. मातेलिकाला डीओसीचा, म्हणजे वाइनच्या मूळ स्थानाची हमी देणारा इटलीतला कायदेशीर दर्जा १९६७ मध्ये मिळाला, येझीला १९६८ मध्ये. पुढे दोन्हींच्या रिझेर्वाला त्याहून वरचा, डीओसीजीचा दर्जा मिळाला. ती किमान १८ महिने मुरवावी लागते. माझा अनुभव असा, की साधी येझी आणि साधी मातेलिका यांच्यातला फरक खरा आहे, पण साधी आणि रिझेर्वा यांच्यातला त्याहून मोठा आहे. आणि मातेलिका लहानसं क्षेत्र आहे, येझी कितीतरी पटींनी मोठं. त्यामुळे येझीच्या नावाखाली अगदी सामान्य बाटलीही मिळते आणि असामान्यही. तिथे उत्पादकाचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जेवणाचं काय? अंकोनाच्या बंदरात ब्रोदेत्तो नावाचं मासळीचं कालवण होतं, परंपरेने तेरा प्रकारच्या मासळीचं, व्हिनेगर घातलेलं. त्याच्याबरोबर येझी. वर डोंगरात रानबडीशेप भरून भाजलेला ससा असतो, तिथे मातेलिका. आपल्या घरी मी रवा लावून तळलेल्या बोंबलाबरोबर तरुण येझी पिते, वरून लिंबू पिळून. नारळाच्या दुधातल्या पापलेटाला मातेलिकाचा ताठ आंबटपणा लागतो, नाहीतर घास जड होतो. पण तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर दोन्ही हरतात. तिखटावर अल्कोहोल जास्तच झोंबतं, आणि तिथे सोलकढीला पर्याय नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पुण्यात मी मातेलिकाची एक चांगली बाटली ‘मुरेल’ म्हणून लाकडी कपाटात ठेवली होती. दोन उन्हाळे गेले. उघडली तर रंग गडद पिवळा आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. मुरणं थंडाव्यात होतं, आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात वाइन फक्त थकते. थंड कपाटाची सोय नसेल, तर मातेलिका विकत घेऊन वर्षानुवर्षं सांभाळायचा हट्ट धरू नका. तिला तोच न्याय मिळत नाही जो तिच्या खोऱ्यात मिळाला होता.

भाचीला मी शेवटी लिहिलं होतं ते असं: पाहुणे येणार असतील आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांना आवडायला हवी असेल, तर येझी. दोघंच असाल, जेवण सावकाश होणार असेल, तर मातेलिका. मला स्वतःला मातेलिका जास्त जवळची वाटते. पहिला घोट थोडा कठोर लागतो, अर्ध्या तासाने तीच वाइन ग्लासात उलगडते.

आता ओतू या. बाटल्या फ्रिजमधून वीस मिनिटांपूर्वीच बाहेर काढल्यात, बर्फासारख्या गार असत्या तर कडू बदाम कुणालाच सापडला नसता. आधी येझी घ्या. मातेलिकाने सुरुवात केली, तर तिच्या आंबटपणानंतर येझी उगाच मवाळ वाटेल. आणि दोन घोटांच्या मध्ये पाव खा, त्यासाठीच तो ठेवला आहे.