न्यायालयात टिकलेला पुरावा

श्रोतेहो, नमस्कार.

२८ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची विशेष बैठक मुंबईत, ताजमहाल हॉटेलात भरली होती. त्या वर्षी समितीचे अध्यक्षपद भारताकडे होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसमधल्या हल्लेखोरांना पाकिस्तानातून सूचना देणाऱ्या साजिद मीरच्या आवाजाची ध्वनिफीत तिथे निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींना ऐकवण्यात आली. निषेधाचे ठराव पुष्कळ होतात; हल्ला सुरू असतानाच टिपलेले संभाषण कानांवर पडल्यावर मात्र कोणालाही हात झटकता येत नाहीत.

दहशतवादाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांत भारताने निधी दिला, परिषदा भरवल्या. माझ्या मते मात्र त्याचे सर्वांत मोलाचे योगदान म्हणजे न्यायालयात टिकलेला पुरावा.

त्याची सुरुवात गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत झाली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती. अडवलेल्या गाडीतल्या अजमल कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी हातांनी घट्ट धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. म्हणूनच दहा हल्लेखोरांपैकी हा एक जिवंत सापडला आणि कट कुठे शिजला हे त्याच्याच तोंडून समजले.

१६६ माणसांचे बळी गेलेले असतानाही त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागता आली, आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. एवढा वेळ कशाला, म्हणून तेव्हा लोक चिडले होते आणि ती चीड रास्तच होती. तरीही या काटेकोरपणामुळेच परदेशांत भारताच्या शब्दाला वजन आले, असे मला वाटते. २०१६ मध्ये, हल्ल्याआधी मुंबईत टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने अमेरिकेतून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने कटात हेडलीला मदत केल्याचा आरोप असलेल्या तहव्वूर राणाला भारताच्या स्वाधीन केले.

आंतरराष्ट्रीय दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्येच संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला होता. तो अजून मंजूर झालेला नाही, कारण स्वातंत्र्यलढ्याला आणि देशांच्या सैन्यांच्या कारवायांना त्याच्या कक्षेत धरायचे की नाही, यावर राष्ट्रांचे एकमत होत नाही. या शंका पोकळ नाहीत. परंतु आरोपीवर आपल्याकडे खटला भरा, नाहीतर त्याला सोपवा, हे त्यातले तत्त्व ज्यांचे आप्त अशा हल्ल्यांत गेले त्यांच्यासाठी फार महत्त्वाचे आहे. अमेरिकेशी १९९७ चा प्रत्यार्पण करार हाताशी असूनही राणाला आणायला हल्ल्यानंतर सोळा वर्षे लागली. जिथे असा करारच नाही, तिथे लपलेल्यांना न्यायालयापुढे उभे करण्याचा मार्ग या मसुद्यातून निघू शकतो, आणि म्हणून भारताने त्याचा पाठपुरावा सोडता कामा नये.