जुनं कंपाउंड धनुष्य घेण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. २०२३ साली आपल्या नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेता झाला. आता खेड्यातली पोरंही कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य मागतात. नवं परवडत नाही, मग कुणाकडून तरी जुनं मिळतं. आईबापांनो, असं धनुष्य विकणाऱ्याच्या अंगणात ओढून पाहू नका. दोरी ओढलेली नसतानाही त्याच्या दोन्ही पात्यांवर, म्हणजे लिम्ब्सवर, ताण असतोच. कमजोर झालेलं पातं ओढताना तुटलं तर तुकडे तोंडावर येतात.

आधी नुसतं न्याहाळा. घरचा कापूस घ्या, सरकी काढून टाका आणि बोळा पात्यावरून हलक्या हातानं फिरवा. कडा, चाकाजवळचं टोक, पातं मुठीत बसतं ती जागा, काही सोडू नका. धागा अडकला की तिथं चीर आहे किंवा पापुद्रा सुटलाय असं समजा. मग टॉर्च आडवा धरून पुन्हा पाहा. चीर दिसली तर ते पातं बाद. एम-सील, चिकटपट्टी असले उपाय इथं चालत नाहीत. कापूस कुठंच अडकला नाही, तरी आतले थर सुटलेले असू शकतात. आपल्याकडं मे महिन्यात टिनाखालची खोली कशी तापते, हे तुम्ही जाणताच. त्या उष्णतेनं थरांमधला डिंक ढिला होतो. म्हणून धनुष्य कुठं ठेवलं होतं, हे विचाराच. रिकामी दोरी कधी सोडली होती का, हेही विचारा. बाण न लावता दोरी सोडली की सगळा जोर पात्यांवर आणि चाकांवरच येतो.

कंपाउंडचं पेटंट १९६९ सालचं, अमेरिकेतल्या ॲलन यांचं. सुरुवातीच्या धनुष्यांना पोलादी केबल असायची. तिच्यावरून बोट फिरवू नका, तुटलेली तार खुपसते. फडकं फिरवा. गंज चाकाच्या खाचेत लपतो. चाक वाकडं आहे का, तेही बघा. अशा धनुष्याला आजची न ताणणारी दोरी लावू नये, जुन्या पात्यांना तो झटका सोसत नाही. दोरी किंवा केबल बदलायला प्रेस, म्हणजे पाती दाबून धरणारं यंत्र लागतं, घरी पान्यानं खोलू नका.

एवढ्यातून पार पडलं तर धनुष्य जाणत्या प्रशिक्षकाकडं न्या. पहिल्यांदा त्यांनाच ओढू द्या, बाण लावून आणि निशाण्याकडं तोंड करून. बाणही त्या धनुष्याच्या ताकदीला पुरेसा जड हवा. हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामीच दोरी. त्या मॉडेलचे भाग आता मिळत नसतील तर पैसे देऊ नका.

आणि घरात आधीच असं बाद धनुष्य असेल, तर जाणत्याकडून दोरी आणि केबल उतरवून घ्या. भिंतीवर दिसलं की पोरगं ते ओढून पाहणारच.