एका मानाचं 'अनसमन'

(पडद्यावर: टेबलावर एकच निळं कार्ड. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांसारख्या कार्डांचा खेळ १९९३ साली आला, तेव्हा त्याच्या पहिल्याच संचात हे कार्ड होतं. नाव 'अनसमन', किंमत एक निळा माना, म्हणजे कार्ड खेळायला खर्च होणारी जादूची ऊर्जा. काम एवढंच: मैदानातलं कोणतंही एक क्रीचर, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याचं कार्ड, उचलायचं आणि मालकाच्या हातात परत द्यायचं.

मरत कुणीच नाही. म्हणूनच नवा खेळाडू या कार्डाला डेकमध्ये, म्हणजे आपल्या कार्डांच्या गठ्ठ्यात, जागा द्यायला का-कू करतो. पुढच्या पाळीला ते परत येणारच, मग कार्ड कशाला घालवायचं? शंका रास्त आहे. पण या कार्डाची सगळी ताकद ते कधी खेळता, त्यात आहे.

समजा, समोरच्याने माना देणारी सहाच्या सहा लँड कार्डं टॅप करून, म्हणजे आडवी करून वापरून, एक धिप्पाड क्रीचर उतरवलं. घाई करू नका. त्याची पाळी संपत येऊ द्या आणि एंड स्टेपला, म्हणजे पाळीच्या शेवटच्या टप्प्यात, अनसमन खेळा. आता तुमच्या पाळीत तुमचा हल्ला अडवायला ते क्रीचर नाही. समोरच्याच्या पुढच्या पाळीत त्याचे सहा माना पुन्हा त्या क्रीचरवरच जाणार, आणि नव्याने उतरल्यामुळे सहसा त्याला त्या पाळीत हल्लाही करता येणार नाही. तुमचा गेला एक माना, त्याची गेली अख्खी पाळी. शिवाय त्याच्या हातात आधीच सात कार्डं असतील, तर आठवं आल्यामुळे पाळी संपताना एक टाकावं लागतं. ही बारीकशी गोष्ट मला फार आवडते.

(पडद्यावर: दोन क्रीचर समोरासमोर.)

हल्ल्यात मात्र क्षण चुकवून चालत नाही. कोणतं क्रीचर हल्ला अडवणार हे (ब्लॉक) जाहीर झाल्यावर ते अडवणारं क्रीचर (ब्लॉकर) उचललात, तरी तुमचं क्रीचर अडवलेलंच धरलं जातं. ट्रॅम्पल, म्हणजे अडवणाऱ्याला पुरून उरलेला मार खेळाडूवर घालायची ताकद, नसेल, तर समोरच्याला ओरखडाही उठत नाही. वाट मोकळी हवी असेल, तर ब्लॉकर ठरण्याआधी उचला.

टोकन, म्हणजे डेकमधल्या कार्डाऐवजी एखाद्या कार्डाने मैदानात निर्माण केलेलं क्रीचर, असेल तर गोष्टच वेगळी. टोकन हातात राहू शकत नाही, ते कायमचं जातं. साध्या क्रीचरवरचे काउंटर (त्याच्यावर ठेवलेल्या खुणा) पुसले जातात, चिकटलेले ऑरा (क्रीचरला जोडलेली जादूची कार्डं) ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, पडतात. तुमच्या क्रीचरवर कुणी मारक स्पेल (मंत्राचं कार्ड) टाकला, तर उत्तरादाखल तेच क्रीचर हातात घ्या. स्पेलला लक्ष्यच उरत नाही. पण मैदानात येताना कार्ड ओढून देणारं क्रीचर समोरच्याला परत दिलंत, तर तो तुमचे आभारच मानेल.

(पडद्यावर: पांढरं एन्चांटमेंट.)

उचलण्याची युक्ती फक्त क्रीचरपुरती नाही; अनसमन क्रीचरच उचलतं, पण इतर कार्डांनी दुसरी कार्डंही उचलता येतात. २००७ साली 'लॉरविन' संचात 'ऑब्लिव्हियन रिंग' हे एन्चांटमेंट, म्हणजे मैदानात टिकून राहणारं जादूचं कार्ड, आलं. ती मैदानात आहे तोवर समोरचं कार्ड एक्झाइलमध्ये, म्हणजे खेळाबाहेर. पण तिच्यात दोन वेगळे ट्रिगर (ठरावीक घटना घडताच आपोआप होणारे परिणाम) होते, आल्यावरचा आणि गेल्यावरचा. पहिला स्टॅकवर, म्हणजे परिणामांच्या रांगेत (तिथे शेवटी आलेला आधी सुटतो), असतानाच रिंग मैदानाबाहेर गेली, तर दुसरा आधी सुटायचा, म्हणजे लागू व्हायचा. तेव्हा परत आणायला काहीच नसायचं. मग पहिला सुटायचा, आणि समोरचं कार्ड कायमचं जायचं. हुशार खेळाडू आपलीच रिंग मुद्दाम उचलायचे.

२०१४ च्या 'बॅनिशिंग लाइट'मध्ये हे दोन्ही भाग एकाच ट्रिगरमध्ये बांधले. आता तो ट्रिगर सुटण्याआधी लाइट गेली, तर समोरचं कार्ड जागचं हलतही नाही.