नाबालच्या घरातली बाई

मंडळी, बोलण्याचा विषय निघाला की आपण बायबलमधल्या नीतिसूत्रांचा १५ वा अध्याय उघडतो. मऊ उत्तराने राग निवतो, कठोर शब्दाने भडकतो. आपल्या सगळ्यांचं हे पाठ आहे आणि घरोघरी भांडणंही चालू आहेत. म्हणून आज वचन राहू दे. पहिलं शमुवेल, अध्याय २५ काढा.

मावोन गावचा नाबाल. ३,००० मेंढरं, १,००० शेरडं. लोकर कातरायचे दिवस, म्हणजे त्यांची सुगीच. हात सैल सोडायचा काळ. दावीद तेव्हा राजा झालेला नव्हता, शौल राजापासून लपत रानोमाळ हिंडत होता. रानात त्याच्या माणसांनी नाबालच्या मेंढपाळांना सांभाळलं होतं. त्याने दहा तरुण पाठवून काही शिधा मागितला. नाबाल म्हणाला, "कोण दावीद? कोण इशायाचा पुत्र?" नुसतं नाही म्हटलं असतं तर पोरं हात हलवत परत गेली असती. पण हा 'कोण' झोंबला. दावीदाने ४०० माणसांच्या कमरेला तलवारी चढवल्या.

इकडे एक गडी धावत धनिणीकडे, अबीगईलकडे गेला. धन्याकडे का नाही? त्यानेच सांगितलंय: त्यांच्याशी बोलायची सोयच नाही.

अबीगईलने काय केलं पाहा. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं शिजवलेलं मांस, हुरडा, मनुका, अंजिरांच्या ढेपा, सगळं गाढवांवर लादून पुढे धाडलं आणि स्वतः मागून निघाली. चिडलेल्या आणि उपाशी माणसापुढे शब्द आधी नेऊन उपयोग नाही, हे बाईला कळत होतं. भेटताच पाया पडून म्हणाली, दोष माझ्यावर असू द्या. 'तुमचं चुकतंय' असं एकदाही म्हटलं नाही. उद्या परमेश्वर तुम्हाला इस्राएलचा अधिपती करील, तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याची टोचणी मनाला नसावी, एवढंच. आणि तुमच्या शत्रूंचे प्राण परमेश्वर गोफणीतून भिरकावून देईल, असंही बोलली. गोफण! गल्याथ या धिप्पाड योद्ध्यासमोर ज्या पोराच्या हातात गोफण होती, त्याच्याशी ती बोलत होती.

एका ठिकाणी मात्र मी दर वेळी अडखळतो. नवऱ्याचं नाव नाबाल, म्हणजे मूर्ख, आणि तो नावासारखाच आहे, असं ती परक्यासमोर म्हणते. हे शोभलं का? मला नाही वाटत. पण दारात ४०० तलवारी येत असताना शोभेचा हिशेब मी इथे खुर्चीत बसून करतोय, हेही खरं.

पहाटे उठून मोठ्याने आशीर्वाद देणारा मित्र शाप देणाऱ्यासारखाच, असं नीतिसूत्रांच्या २७ व्या अध्यायात आहे. लिहिणाऱ्याचे शेजारी माझ्या ओळखीचे असावेत! अबीगईलला मात्र पहाट आणि रात्र यांतला फरक ठाऊक होता. दावीदाचा राग निववून ती घरी परतली तेव्हा राजाच्या थाटात मेजवानी चालली होती आणि नाबाल झिंगलेला होता. ती काही बोलली नाही. सकाळी, दारू उतरल्यावर सांगितलं. ते ऐकून त्याचं काळीज गोठलं, तो दगडासारखा झाला. दहा दिवसांनी गेला. दावीदाशी ती जे बोलली ते २४ ते ३१ अशी आठ वचनं भरून दिलंय. नवऱ्याला काय शब्दांत सांगितलं, ते ग्रंथात नाही. वेळ तेवढी नोंदलेली आहे.